आज्याची लढाई

डहाणूला लोक वीकएण्डला चिकू खायला आणि समुद्र बघायला जातात. आम्ही एका माजी सैनिकाची गोष्ट आणायला गेलो होतो. सैनिक भेटला, पण त्याच्याकडे ना युनिफॉर्म होता, ना मेडल.

"माजी सैनिकांवर एक स्टोरी कर," आमच्या संपादकांनी सांगितलं. "पण जनरल, ब्रिगेडिअर नकोत. लहान गावातला, लढाई बघून आलेला, नंतर बायकोमुलांत रमलेला साधा माणूस शोध."

फ्रीलान्सर माणसानं अशा वेळी 'नक्की सर' म्हणायचं असतं आणि मग फोनमधले नंबर चाळत बसायचं असतं. मी तेच केलं. मास कॉमच्या आमच्या जुन्या ग्रुपवर मेसेज टाकला. पाच मिनिटांत हॉस्टेलमधल्या माझ्या रूममेटचं उत्तर आलं.

'माझा आजा लढाईत होता. तलासरीला ये.'

'ग्रेट! कुठली? पासष्टची की एकाहत्तरची?'

'पंचेचाळीसची.'

'बाप रे, दुसरं महायुद्ध? इटली की ब्रह्मदेश?'

'तलवाडा.'

मी गुपचूप नकाशा उघडला. तलवाडा इटलीत नव्हता, ब्रह्मदेशातही नव्हता. मुंबईहून अहमदाबादला जाणाऱ्या हायवेच्या आसपास कुठेतरी होता. मैत्रिणीनं पुढं एक हसणारा चेहरा टाकला आणि लिहिलं, 'ये तर. आधी डहाणूला उतर, चिकू खा, मग सांगते.'

खरं सांगायचं तर मलाही मुंबईबाहेर पडायला निमित्तच हवं होतं. माझं लग्न ठरलंय. म्हणजे मुलगा ठरलाय, पण बाकी सगळं ठरायचंय! हॉल, केटरर, डेकोरेशन, प्री-वेडिंग शूट, आणि या सगळ्याचे पैसे. घरात रोज एक आकडा वाढतो आणि मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो, की तुमच्यासाठी लग्नाचं कर्ज आधीच मंजूर झालंय. होणारा नवरा म्हणतो, घेऊन टाकू, पाच वर्षांत फिटेल. आई म्हणते, एकदाच होतं गं. म्हटलं, दोन दिवस तरी हा विषय नको. मला काय माहीत, तलासरीत हाच विषय माझी वाट बघत बसलाय!

चिकूचं गाव

विरारहून सुटणारी डहाणू लोकल ही मुंबईकराला मिळालेली सगळ्यात स्वस्त सहल आहे. 2013 साली ही लोकल सुरू झाली आणि डहाणू एकदम 'आपल्या' नकाशात आलं. वैतरणेच्या पुलावर पाणी दिसलं की डब्यातल्या माणसांचे आवाजच बदलतात. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव. प्रत्येक स्टेशनावर चढणाऱ्या टोपल्या वेगळ्या. कुठं भाजी, कुठं सुके बोंबील, कुठं मोगऱ्याच्या कळ्या.

दिवाळी नुकतीच संपली होती. डहाणू रोडला उतरल्यावर मी शहाण्या टुरिस्टसारखं सगळं केलं. सुरूच्या झाडांमधून समुद्रापर्यंत चालले. ओहोटी होती, पाणी इतकं आत गेलेलं की त्याला भेटायला रिक्षा करावी असं वाटलं. मग मैत्रिणीच्या स्कूटरवरून घोलवडच्या रस्त्यानं चिकूच्या वाड्या. दोन्ही बाजूंनी काळसर हिरवी, गोलमटोल झाडं. इराणहून आलेल्या कुटुंबांनी इथं वाड्या वसवल्या आणि चिकूनं या पट्ट्याला नाव दिलं. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. चिकूच्या फोडी सुकवून विकतात, लोणचं घालतात. लोणचं खाऊन बघाच, एकदम हटके!

पुढं बोर्डी, आणि अलीकडे कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी 1945 साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं आणि नंतर ते कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांकडे नेऊ, म्हणून गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. शाळेत शिकताना हे धड्यात वाचल्यासारखं वाटतं. इथं उभं राहिल्यावर पहिल्यांदा प्रश्न पडला, की त्या पोरांना गुरं राखायला कोण पाठवत होतं?

"आता आलीस मुद्द्यावर," मैत्रीण म्हणाली. "उद्या बाबा सांगतील."

तिचं आणि तिच्या घरच्यांचं नाव मी इथं लिहीत नाहीये. तिची अटच होती. "आजाचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं, आता मासिकात कशाला?" असं तिचं म्हणणं.

गवताचे ट्रक

रविवारी सकाळी निघालो. डहाणूहून आत चारोटीकडे गेलं की समुद्राची हवा संपते. हायवेला लागल्यावर उत्तरेकडे विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ आणि मागं तिचा उंच सुळका. चैत्रात इथं मोठी यात्रा भरते. पुढं धुंदलवाडी, मग तलासरी, आणि थोडं पुढं गेलं की गुजरात. 2014 च्या ऑगस्टपासून हा सगळा भाग ठाण्यातून निघून पालघर जिल्ह्यात आला. त्याच्याही आधीचा नकाशा वेगळाच होता. तलासरीचा मुलूख तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात होता. 1960 साली राज्यं वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं आणि हा भाग महाराष्ट्रात राहिला.

वाटेत वाळलेल्या गवतानं भरलेला एक ट्रक आमच्या पुढं चालला होता. मी फोटो काढला. मस्त सोनेरी रंग! मैत्रिणीनं स्कूटर जरा हळू केली.

"त्या गवतावरून झाली लढाई," ती मागं न बघता म्हणाली.

मुंबईत म्हशींचे तबेले होते, गाड्यांना घोडे होते. त्यांना गवत लागायचं. ते गवत या डोंगरउतारांवर वाढायचं. जमीन सावकार-जमीनदारांची झालेली, आणि गवत कापणारे हात वारल्यांचे. याच वारल्यांच्या चित्रांचे कुर्ते आणि कॉफी मग आपण एक्झिबिशनमधून घेतो. भाताची पेरणी, आवणी, कापणी, जंगलातली लाकूडतोड, जमीनदाराच्या घरचं दळणकांडण, सगळं याच हातांनी. त्यातलं बरंचसं फुकट. त्याला वेठ म्हणायचे.

लग्नगडी

मैत्रिणीचं घर पाड्याच्या टोकाला आहे. पुढं विटांच्या दोन खोल्या, मागं जुनं कुडाचं घर. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, वरून शेण-मातीचा लेप. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आता रिटायर झालेत. ओटीवर बसून त्यांनी चहा पुढं केला आणि मला उलट मुलाखतच घ्यायला लागले. कुठं राहते, काय लिहिते, लग्न कधी? मी म्हटलं, ठरलंय. तयारी चाललीय, कर्जाचं बघतोय.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या आजानं लग्नासाठी कर्ज घेतलं होतं."

आणि तिथून गोष्ट सुरू झाली.

वारली पोरगा लग्नाचा झाला की त्याला खर्चाला थोडे पैसे लागायचे. धान्य, कपडे, ताडी, पाहुण्यांचं जेवण. हे पैसे जमीनदार द्यायचा. रक्कम फार मोठी नसायची, पण फेडण्याची पद्धत वेगळी होती. घेणाऱ्यानं जमीनदाराकडे राबायचं, कर्ज फिटेपर्यंत. हिशेब लिहिणारा जमीनदारच, त्यामुळं कर्ज फिटायचंच नाही. नवराच नाही, बायकोही राबायची, पुढं पोरंही. अशा माणसाला नाव होतं, लग्नगडी. लग्नामुळं झालेला गडी! मारझोड होती, आणि बायकांवर जमीनदाराचा हक्क असल्यासारखंच वागवलं जायचं. हे सगळं पोथ्यांमधलं नाही. 1930 च्या दशकाच्या अखेरीला मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला, त्यातही या गुलामीची नोंद आहे. अहवाल आला. गडी तसेच राबत राहिले.

"माझा आजा लग्नगडी होता," बाबा म्हणाले. "माझ्या बापाचा जन्मच त्या कर्जात झाला."

हातातला चहा गार झाला होता. मी नुसतं म्हटलं, "म्हणजे ईएमआय फिटेपर्यंत..."

मैत्रीण एकदम फिस्कारली. "ए, तुझं ईएमआय आणि त्यांची वेठ एक नाही हां! तुला बँक नवऱ्यासकट गोठ्यात राबायला नेत नाही. उगाच तुलना करून लेख गोड करू नकोस."

बरोबर होतं तिचं. मी वहीत 'ईएमआय' लिहिलं होतं, ते खोडलं.

पुण्याची बाई आणि झरीचा माह्या

ही लढाई कशी सुरू झाली ते मला आधी कळत नव्हतं. शेजारच्याच तालुक्यांत इतकी वर्षं चाललेली गुलामी एकाच वर्षी कशी काय हलली?

1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. तिथं उंबरगाव तालुक्यातले काही वारली आले होते. त्यांत झरी गावचा माह्या धांगडा होता. त्यानं तिथं आपल्याकडची वेठ सांगितली. परिषद भरवणाऱ्यांमध्ये होत्या गोदावरी परुळेकर आणि त्यांचे पती शामराव. गोदावरीबाई पुण्याच्या गोखल्यांच्या घरातल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. त्या काळात एवढं शिकलेल्या बाईला आरामात राहता आलं असतं. त्या या जंगलात आल्या, पाड्यांवर राहिल्या, वारल्यांचं बोलणं शिकल्या. पुढं 1970 साली त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं, त्याला 1972 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कॉलेजात ते माझ्या वाचनाच्या यादीत होतं. मी त्याचा सारांश वाचून पेपर दिला होता, हे आज कबूल करते.

23 मे 1945 ला झरीला परिषद झाली. पाचेक हजार वारली जमले. ठराव सोपे होते. फुकट काम करायचं नाही. लग्नगडी राहायचं नाही. मारलं तर ऐकून घ्यायचं नाही. झरी आज तलासरी तालुक्यात आहे, मैत्रिणीच्या घरापासून फार लांब नाही.

त्यानंतर माणसं लाल बावटा घेऊन गावोगाव निघाली. जमीनदाराच्या दारात जायचं आणि लग्नगड्याला सांगायचं, चल, तू सुटलास. काही आठवड्यांत कित्येक गडी आपापल्या बायकांना घेऊन बाहेर पडले.

"माझा आजाही असाच निघाला," बाबा म्हणाले. "आजी सांगायची, बाहेर आल्यावर त्याला कळेना की आता जायचं कुठं. तो उंबरठ्याबाहेर उभाच राहिला. मग आजी म्हणाली, घरी. तर तो म्हणाला, कुठलं घर?"

तलवाडा

पावसाळा संपला. गवत कापायला आलं. किसान सभेनं दर मागितला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्याशिवाय कोयता उचलायचा नाही. संप सुरू झाला.

10 ऑक्टोबर 1945. पाड्यापाड्यांवर निरोप फिरला, की तलवाड्याला सभा आहे, बाई येणार आहेत, त्यांना मारायचा बेत आहे, हत्यारं घेऊन या. निरोप खोटा होता. बाई तिथं नव्हत्याच. पण वारली त्यांना गोदाराणी म्हणत, आणि राणीच्या जिवावर बेतलंय म्हटल्यावर कोण घरी बसणार? तीसेक हजार माणसं कोयते, काठ्या घेऊन जमल्याचं सांगतात.

त्यांत सोळा वर्षांचा एक पोरगा होता. मैत्रिणीचा आजा.

पोलिसांनी गोळीबार केला. एकदाच नाही, रात्री आणि दुसऱ्या दिवशीही थांबून थांबून. पाच वारली मेले. त्यांत जेठ्या गांगड होता. लोक तरी हलले नाहीत, कारण बाईंनी घरी जा असं सांगितलं नव्हतं. शेवटी किसान सभेचा निरोप पोचला, मग गर्दी पांगली.

मी पत्रकाराचा ठरलेला प्रश्न विचारला. त्या रात्रीचं ते काय सांगायचे?

बाबा हसले. "तुला शूर गोष्ट पाहिजे ना? आमच्या बापाकडे तशी नव्हती. तो म्हणायचा, पहिला बार झाला तसा मी पळालो. नाल्यात जाऊन पडलो. मग मागं बघितलं, तर आमच्या पाड्यातला एकही जण मागं आलेला नाही. मग लाज वाटली म्हणून परत गेलो."

"बस?"

"बस. परत गेलो, एवढंच सांगायचा. आणि तहान लागली होती, एवढं."

मी कित्येक युद्धकथा वाचल्यात. 'पळालो' हे क्रियापद त्यांत फारसं सापडत नाही. हा माणूस ते पोराबाळांना आयुष्यभर सांगत राहिला.

ती लढाई त्या रात्रीत संपली नाही. 1946 ला पुन्हा संप झाला. परुळेकर पतिपत्नींना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं. जानेवारी 1947 मध्ये पालघर तालुक्यात नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला आणि आणखी पाच जण गेले. पण वेठ आणि लग्नगडी पुन्हा पहिल्यासारखे उभे राहिले नाहीत. मजुरी वाढली. पुढं शामराव परुळेकर 1957 साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले, आणि 1965 साली तुरुंगात असतानाच वारले. तलासरीत आज परुळेकरांच्या नावाचं कॉलेज आहे. माझी मैत्रीण त्याच्याच फाटकातून शिकून मुंबईला आली.

घरी राहिलेला सैनिक

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, स्टोरी झाली. पण बाबांच्या मते खरी गोष्ट पुढंच होती.

आजा वयात आला. त्याचं एका मुलीशी जमलं. तिच्या घरच्यांना मान्य होतं. आता लग्न. आणि लग्न म्हणजे खर्च. आता लग्नगडी होणं बंद झालं होतं, पण उधार देणारे होतेच. आजानं एक पैसा उधार घेतला नाही. ती दोघं सरळ एकत्र राहायला लागली.

तुम्ही म्हणाल, लिव्ह-इन! मलाही तेच सुचलं आणि मी ते बोललेही. सगळे पोट धरून हसले. वारल्यांमध्ये यात नवल नाही. जोडपं संसार सुरू करतं, आणि जमेल तेव्हा, कधी कधी पोरं झाल्यावर, विधी करतं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, येऊन गाणी म्हणते. सवाष्णी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवचौक काढतात, मधे पालघट देवी. आपण जिला 'वारली पेंटिंग' म्हणून कुर्त्यावर घालतो, ती मुळात ही लग्नाची भिंत. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले.

आजाआजीचा चौक त्यांच्या संसाराला सात वर्षं झाल्यावर लिहिला गेला. थोरला मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. "त्यालाच आठवायचं, आईबापाचं लग्न," बाबा म्हणाले. "जेवण काय होतं तेही सांगायचा." खर्च सगळा साठवलेल्या भाताचा आणि मजुरीचा. कुणाचं देणं नाही.

1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तलासरीच्या शेजारीच पोर्तुगिजांच्या ताब्यातलं दादरा-नगर हवेली मुक्त झालं. 22 जुलैला दादरा, 2 ऑगस्टला सिल्वासा. वेगवेगळ्या पक्षांची माणसं त्यात होती, आणि तलासरीच्या बाजूनं परुळेकरांबरोबर वारलीही होते. पळणारे पोर्तुगीज पोलीस शेवटी याच तालुक्यातल्या उधव्याला शरण आले. मी उत्सुकतेनं विचारलं, आजा त्यात होते का?

"नाही," बाबा म्हणाले. "आवणी चालली होती. घरात तान्हं पोर. तो म्हणाला, या वेळी मी भात लावतो, तुम्ही जाऊन या."

संपादकांना हवा होता तो 'बायकोमुलांत रमलेला' माणूस मला त्या वाक्यात सापडला. सोळाव्या वर्षी गोळीबारात परत गेलेला माणूस पंचविसाव्या वर्षी चिखलात उभा राहून रोपं लावत होता. मला आधी ते जरा कमी वाटलं. मग विचार केला, तो लढला कशासाठी होता? आपल्या शेतात आपण राबावं, आपली बायको आपल्या घरात असावी, पोर आपलं म्हणून वाढावं. जे मागायला तलवाड्याला गेला, ते मिळाल्यावर तो ते मन लावून जगला. सुट्टीवर आलेला सैनिक घरी जातो तसा तो घरी गेला, आणि पुन्हा निघालाच नाही.

कूळकायद्यात शेताचा एक तुकडा नावावर आला. पाच पोरं शाळेत गेली, त्यांतलं एक मास्तर झालं. आजानं दारू सोडली नाही, पण बायकोवर हात उचलला नाही, असं आजी सांगायची. पाड्यावरच्या प्रत्येक लग्नाआधी तो मुलाच्या बापाला एकच प्रश्न विचारायचा, "उधार किती?" आकडा मोठा असला तर म्हणायचा, "मग पुढच्या वर्षी कर." लोक वैतागायचे. लग्नघरात म्हाताऱ्याला बोलवायला नको, असंही म्हणायचे. 2011 साली तो गेला. पेन्शन नव्हती, ताम्रपट नव्हता. दरवर्षी 10 ऑक्टोबरला तलासरीत हुतात्म्यांची आठवण काढतात, तिथं तो गर्दीत मागं उभा राहायचा.

भिंतीवरची भेग

निघताना बाबांनी मागचं घर दाखवलं. पुढच्या विटांच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेलीय. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसत राहिले. 1 फेब्रुवारी 2019 ला त्यांतला एक मोठा, 4.1 रिश्टरचा. त्या थंडीत लोक तंबूत, अंगणात झोपले. विटा फुटल्या, पण कुडाचं घर नुसतं हललं आणि परत सरळ उभं राहिलं. बाबांचं मन आता त्याच घरात लागतं.

त्या घरात आतल्या भिंतीवर एक चौक आहे. मैत्रिणीच्या भावाच्या लग्नाचा, पीठ बऱ्यापैकी उडालेलं. घोडा ओळखू येतो, सूर्य-चंद्र ओळखू येतात. शेजारी खिळ्याला एक जुना कोयता अडकवलाय. मला वाटलं, हाच तो तलवाड्याचा! मी मोबाइल काढला.

"तो नाही," मैत्रीण म्हणाली. "तलवाड्याचा कधीच झिजून गेला. आजा त्यानं गवत कापायचा ना रोज."

परतीच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली. बोईसरच्या आसपास नेटवर्क आलं आणि बँकेचा तोच मेसेज पुन्हा आला. मला मैत्रिणीची ताकीद आठवली, माझी आणि त्यांची गोष्ट एक नाही. नाहीच. मला कुणी मारणार नाही, मी हप्ता चुकवला तर फार तर फोन येतील. पण आजाचा प्रश्न मात्र माझ्यासाठीही चालण्यासारखा होता. मी होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला आणि विचारलं, "आपलं उधार किती होतंय रे?"

त्यानं आकडा सांगितला. मी म्हटलं, "मग पुढच्या वर्षी करू या. किंवा या वर्षी, पण साठवलेल्यात."

तो दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "आईला तू सांगणार की मी?"

वाद अजून चालू आहे. पण हॉलचा अ‍ॅडव्हान्स आम्ही भरलेला नाही.

कसं जाल?
विरारहून डहाणू रोडपर्यंत लोकल. काही गाड्या थेट चर्चगेटहूनही आहेत, वेळ बघून निघा. तलासरीला रेल्वे नाही. डहाणूहून एसटी किंवा शेअर गाडी, नाही तर मुंबई-अहमदाबाद हायवेनं थेट.

काय बघाल?
डहाणू आणि बोर्डीचा किनारा, घोलवडच्या चिकूवाड्या, कोसबाडची टेकडी, विवळवेढ्याची महालक्ष्मी. गंजाडला वारली चित्रकारांकडून थेट चित्र घ्या. भाव करू नका.

काय न्याल?
सुकवलेला चिकू, चिकूचं लोणचं. आणि जमलं तर येताना गोदावरी परुळेकरांचं पुस्तक वाचून या. सारांश नको, पूर्ण.